लिटूया खाडी : ९ जुलै १९५८ ची रात्र

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर सॅमन धरणाऱ्या बोटींना रात्रीपुरता आसरा मिळतो तो लिटूया खाडीत. अकरा किलोमीटर लांब, तीन रुंद, टोकाला हिमनद्या आणि मधोमध सेनोटाफ नावाचं छोटं बेट. धास्ती असते ती तोंडाची. वाट जेमतेम तीनशे मीटरची आणि ओहोटीची ओढ भयंकर. १७८६ च्या जुलैत ला पेरूझच्या मोहिमेतले २१ जण इथेच बुडाले. त्यांच्या स्मारकावरून बेटाला नाव पडलं. त्यामुळे तोंड ओलांडलं, की धोका संपला, असा तांडेलांचा हिशोब.

संध्याकाळी ८. ‘एड्री’ आत शिरते. बोटीवर बाप आणि त्याचा लहान मुलगा. दक्षिण काठाच्या एका खोबणीत, पाच वाव पाण्यात नांगर पडतो. काठावर तंबू टाकून राहिलेलं कॅनडाचं गिर्यारोहक पथक त्याच संध्याकाळी विमानाने निघून जातं.

रात्री ९. ‘बॅजर’ येते. नवरा-बायको बेटापर्यंत एक फेरी मारून परततात आणि तोंडाजवळ, ‘सनमोअर’च्या शेजारी मुक्काम करतात. ‘सनमोअर’वरही एक जोडपंच आहे.

उत्तरेकडचा उन्हाळा, त्यामुळे अजून उजेड आहे. काठावरच्या रानाकडे नीट पाहिलं तर त्यात एक आडवी रेघ दिसते: वर जुनी झाडं, खाली कोवळी. डॉन मिलर या भूवैज्ञानिकाने १९५२-५३ मध्ये या रेघांचा माग काढला होता. जुन्या लाटांनी रान कुठवर खरवडलं याच्या त्या खुणा. शेवटची लाट १९३६ ची. तेव्हा बेटावर राहणारे दोघे उंचावर पळून वाचले होते. धोका तोंडाशी नाही, पाठीमागे आहे, हे झाडांवर लिहिलेलं होतं. पण मासे धरून दमलेला माणूस रात्री नऊला झाडांचं वय बघत बसत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

१०.१५. फेअरवेदर भ्रंश सरकतो. तीव्रता ७.८. ‘एड्री’चा मालक झोपेतून उठून डेकवर येतो आणि डोंगर हलताना पाहत उभा राहतो.

अडीच-तीन मिनिटं अशीच जातात. मग खाडीच्या टोकाकडून कानठळ्या बसवणारा आवाज. तिथल्या गिल्बर्ट फाट्यावरच्या उभ्या कड्याचा तीन कोटी घनमीटर दगड, काही तर ९०० मीटर उंचीवरून, एकदम पाण्यात कोसळलेला असतो. समोरच्या डोंगरसोंडेवर पाणी ५२४ मीटरपर्यंत चढतं आणि तिथलं रान मातीसकट सोलून काढतं. इतकं उंच चढलेलं पाणी माणसाच्या नोंदीत दुसरं नाही.

लाट बेटाला दोन्ही बाजूंनी वळसा घालून येते, काठापासून काठापर्यंत सलग. ‘एड्री’चा नांगर निघत नाही. मालक होती नव्हती तेवढी चाळीस वाव साखळी सोडतो, इंजिन चालू करतो आणि बोटीचं तोंड लाटेकडे धरतो. बोट वर चढताना साखळी तुटते. लाट बोटीला काठावर ढकलते. परतणारं पाणी तिला पुन्हा खाडीच्या मध्यावर आणून सोडतं, सरळ उभी.

‘बॅजर’ला लाट मागच्या बाजूने पुढे रेटत तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावरून थेट खुल्या समुद्रात नेते. मालकाला झाडांचे शेंडे खाली दिसतात, आपल्या बोटीच्या दोन लांब्यांइतके खाली, असं त्याने नंतर सांगितलं. दांड्यापलीकडे बोट आपटते आणि बुडू लागते. दोघं होडीत उतरतात.

‘सनमोअर’ची जागा फक्त तेलाच्या तवंगावरून कळली.

११. ‘एड्री’ स्वतःच्या इंजिनावर तोंडातून बाहेर पडते.

मध्यरात्रीच्या सुमारास. ‘बॅजर’च्या जोडप्याला दुसरी मासेमारी बोट उचलून घेते.

मिलर लगोलग विमानाने येऊन पाहून गेला. त्याचा अहवाल १९६० चा. त्यानुसार सुमारे दहा चौरस किलोमीटर रान नाहीसं झालं होतं. पण त्या भूकंपाने जास्त माणसं मारली ती लिटूयात नव्हे, वायव्येला यकुटाटजवळच्या खांटाक बेटावर. स्ट्रॉबेऱ्या वेचायला तिघं तिथे गेले होते, आणि ते उभे होते तो किनाराच खचून पाण्यात गेला. लिटूयात गेले ते दोन.