पांढऱ्यानंतर पिवळा

मार्शल आर्ट्सच्या क्लासमध्ये एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. पूर्वी म्हणे सगळ्यांचा पट्टा पांढराच असायचा आणि तो कधी धुवायचा नाही असा दंडक होता. घामाने तो पिवळा पडायचा, गवताने हिरवा, मातीने तपकिरी, आणि वर्षानुवर्षांच्या मळाने काळा झाला की माणूस तयार!

गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. ज्युदोत आधी पांढरा आणि काळा एवढेच पट्टे होते. मधले रंग पुढे युरोपात रुजले. पहिल्या ग्रेडिंगची तयारी करणाऱ्याने हा इतिहास जरूर वाचावा, कारण ही परीक्षा कशासाठी असते ते त्यातून कळतं.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो (१८६०–१९३८) अंगाने किरकोळ होते. शाळेतली दांडगट मुलं छळायची, म्हणून जुजुत्सू शिकायचं त्यांनी मनावर घेतलं. १८७७ मध्ये ते हाचिनोसुके फुकुदा या गुरूंकडे गेले. फुकुदांची शिकवण्याची तऱ्हा जुन्या वळणाची. एका डावात हात कुठे ठेवायचा, पाय कुठे, असं कानोंनी विचारलं की ते त्यांना उचलून आपटत. पुन्हा विचारलं, पुन्हा आपटत. डोक्याला नाही, अंगाला कळलं पाहिजे, असा सगळा मामला! जुन्या घराण्यांत प्रगतीचे दाखलेही मोजकेच असत. दोन दाखल्यांमध्ये कित्येक वर्षं जात आणि शिष्य कुठवर आलाय हे गुरूलाच ठाऊक.

कानोंनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान सुरू केलं. जागा १२ तातामी चटयांची, म्हणजे जेमतेम २०० चौरस फूट. पुढच्याच वर्षी त्यांनी त्सुनेजिरो तोमिता आणि शिरो साइगो या दोन शिष्यांना ‘शोदान’ दिलं. ‘दान’ ही श्रेणींची पद्धत जपानमध्ये ‘गो’ या पटावरच्या खेळात आधीपासून होती. १८८६ च्या सुमारास दान मिळवलेले विद्यार्थी काळा पट्टा बांधू लागले. ज्याला आपण शेवटचा मुक्काम समजतो, त्या शोदानचा अर्थ मात्र ‘सुरुवातीची पायरी’ असा आहे.

मग पिवळा कुठून आला? लंडनच्या बुडोक्वाय क्लबमध्ये १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगीत पट्टे दिसतात. १९३५ मध्ये मिकिनोसुके कावाइशी पॅरिसला पोहोचले आणि त्यांनी ही पद्धत पक्की रुजवली. काळ्या पट्ट्यासाठी वर्षानुवर्षं वाट बघायला लावली, तर शिकणारा मध्येच क्लास सोडणार. म्हणून वाटेत थांबे हवेत, आणि प्रत्येक थांब्यावर काय यायला हवं ते आधीच माहीत हवं. आज फ्रान्समध्ये लाखो लोक ज्युदो शिकतात.

‘रंगीत पट्टे म्हणजे फी उकळायचा धंदा’ अशी कुरकुर तेव्हापासून चालत आलीय. काही ठिकाणी ती खरीही असेल. तरी लेखी अभ्यासक्रमाचा एक मोठा गुण आहे : गुरूच्या मनातलं गुपित सगळ्यांसमोर येतं. पिवळ्या पट्ट्याची यादी संघटनेगणिक थोडी बदलते, पण सुरुवात बहुधा ‘उकेमी’ने होते. उकेमी म्हणजे पडण्याची कला. हनुवटी छातीला, हाताची थाप चटईवर, डोकं अधांतरी. मग ओ-सोतो-गारी किंवा ओ-गोशीसारखे सोपे डाव आणि केसा-गातामेची पकड. डाव दाखवायला जोडीदार लागतोच. त्याला नीट पडता आलं नाही तर तुमचा डाव फसतो, आणि तुम्ही त्याची बाही शेवटपर्यंत धरली नाही तर तो दुखावतो. म्हणून तयारी दोघांनी करायची असते.

पण नियम लिहिले म्हणून शिडी सगळ्यांना मोकळी होतेच असं नाही. हाचिनोसुके फुकुदांची नात केइको फुकुदा. उंची पाच फुटांपेक्षाही कमी. खुद्द कानोंच्या निमंत्रणावरून १९३५ मध्ये ती कोदोकानमध्ये दाखल झाली. १९५३ मध्ये तिला पाचवं दान मिळालं आणि पुढे वाट बंद! बाईला याच्यावर दान द्यायचं नाही असाच शिरस्ता होता. सहावं दान मिळायला १९७२ साल उजाडलं. या १९ वर्षांत तिच्या ज्युदोत काही कमी नव्हतं. ती शिकत राहिली, शिकवत राहिली. २०११ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी, अमेरिकी ज्युदो संघटनेने तिला दहावं दान दिलं. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

पट्टा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे केइकोबाईंइतकं क्वचितच कुणाला उमगलं असेल. तुमच्या ग्रेडिंगला आठवडा उरला असेल, तर नवा डाव शिकायच्या फंदात पडू नका. जोडीदाराला बोलवा आणि दोघं मिळून पडण्याचा सराव करा. पिवळा पट्टा या वेळी नाही मिळाला, तरी नीट पडायला शिकलेलं अंग तुमच्याकडेच राहतं.