बायोडेटाची कुळकथा

विज्ञानशाखेचा पदवीधर नोकरीच्या वा संशोधनवृत्तीच्या अर्जासोबत आज जो एक-दोन पानांचा बायोडेटा जोडतो, त्यात दोन स्वतंत्र कुळे एकत्र आलेली आहेत. एक कुळ दरबारी अर्जाचे: अर्जदार कोण, कोणाचा मुलगा, कोठला राहणारा, कोठे शिकलेला आणि कोणा प्रतिष्ठित गृहस्थाची शिफारस घेऊन आलेला, एवढे निवेदन करून हुद्द्याची याचना करणारे. दुसरे कुळ कामाच्या दाखल्याचे: अमुक काम मी केले, अमुक रीतीने केले, जाणकाराने ते हवे तेव्हा पारखून घ्यावे, असे सांगणारे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचा खरा वारसा या दुसऱ्या कुळाचा आहे, आणि नेमका तोच आपल्याकडील बहुतेक अर्जांतून लोपलेला दिसतो, ही मोठ्या खेदाची गोष्ट होय.

या कुळाचा मूळपुरुष म्हणून सामान्यतः लिओनार्दो दा विंचीचे नाव घेतात. 1482 च्या सुमारास, वयाच्या तिशीत, मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याला उद्देशून त्याने सिद्ध केलेल्या पत्राचा मसुदा ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आजही मिलानमध्ये जतन केलेला आहे, जरी त्यातील हस्ताक्षर त्याचे स्वतःचे नसावे असे अभ्यासक मानतात. हलके पण मजबूत पूल, वेढ्याच्या प्रसंगी खंदकातील पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, तोफा, आवाज न होता खोदायची भुयारे अशी कलमे त्याने क्रमाने मांडली. शांततेच्या काळातील वास्तुरचना आणि पाण्याची वाहतूक दहाव्या कलमात घातली. आणि ज्या कलेने पुढे त्याचे नाव अजरामर केले, त्या चित्रकलेचा उल्लेख अगदी शेवटाकडे केला, कारण पत्र वाचणाऱ्याला त्या घडीला निकड होती ती युद्धसामग्रीची. त्यातील पुष्कळसा मजकूर ‘करीन’ या भविष्यकाळातला आहे हे खरे. परंतु यातले काही कोणाला अशक्य वाटल्यास आपल्या उद्यानात किंवा आपण म्हणाल तेथे प्रयोग करून दाखवावयास मी तयार आहे, असे जे आश्वासन त्याने अखेरीस दिले, त्यामुळे हे पत्र नुसत्या याचनेच्या पायरीवरून वर चढते.

पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीने 1731 मध्ये असा नियम केला की, नव्या सदस्याचे नाव सुचवावयाचे तर त्याची योग्यता लेखी मांडावी, त्या लेखावर जुन्या सदस्यांनी सह्या कराव्यात आणि मतदानापूर्वी तो लेख सर्वांना वाचता येईल असा लावून ठेवावा. शिफारसच ती, पण आता तिला कारण दाखवावे लागले. या रीतीने 1841 साली निवडून आलेले पहिले भारतीय म्हणजे मुंबईचे अर्देशीर कर्सेटजी वाडिया. त्यांच्या घराण्याची जहाजबांधणीतील ख्याती एवढी जुनी होती की कुळाच्या नावावरही भागले असते; परंतु त्यांच्या प्रस्तावलेखात नौकारचनेच्या शास्त्रातील व व्यवहारातील त्यांचे प्रावीण्य, मुंबईत वायूच्या दिव्यांची सुरुवात आणि 60 टनांच्या जहाजाला बसविलेले वाफेचे एंजिन यांची नोंद झाली. ‘60’ हा आकडा मला त्यात फार मोलाचा वाटतो. जो मोजतो त्याच्यावर दुसऱ्याला विश्वास ठेवता येतो.

कामाचा दाखला दिला की काम मिळतेच, असे मात्र इतिहास सांगत नाही. झुरिचच्या पॉलिटेक्निकची पदविका घेतलेल्या आइन्स्टाइनने 1901 च्या वसंतात आपल्या एकुलत्या एक प्रसिद्ध निबंधाची प्रत सोबत देऊन लाइपझिगचे रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांना पत्र लिहिले, आणि लायडनचे भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना तर जोडकार्ड पाठविले; त्या जोडकार्डाचा उत्तरासाठी ठेवलेला भाग कोराच राहिला आणि तो लायडनच्या संग्रहालयात आहे. बर्नच्या पेटंट कचेरीत त्याला 1902 साली जागा मिळाली, ती मार्सेल ग्रोसमान या मित्राच्या वडिलांनी घातलेल्या शब्दामुळे.

या दोन कुळांतील अंतर एकाच माणसाच्या दोन कागदांतून पाहावयाचे असेल, तर रामानुजनांकडे वळावे. 9 फेब्रुवारी 1912 रोजी त्यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य हिशेबनिसाकडे कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. मॅट्रिक उत्तीर्ण, एफ.ए.पर्यंत अभ्यास, प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण खंडित, तेव्हापासून सर्व वेळ गणितात, आणि नेमणूक झाल्यास काम नीट करीन ही खात्री, एवढाच त्यातला तपशील. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र. अर्ज नमुनेदार होता आणि जागा मिळाली. अकरा महिन्यांनी, 16 जानेवारी 1913 रोजी, त्याच कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिले. वर्षाकाठी 20 पौंडांवर हिशेबखात्यात कारकून आहे, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे प्रारंभीच दोन वाक्यांत सांगून टाकले, आणि पुढे पानेच्या पाने सिद्धान्त मांडले, सुमारे 120. शिफारस नाही, स्वतःच्या बुद्धीचे वर्णन नाही. जे होते ते हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवुड यांना कागद-पेन्सिल घेऊन तपासता येण्याजोगे होते, आणि त्यांनी तपासले. पहिल्या कागदातही खोटे काही नव्हते, पण त्यात हा माणूस इतर शेकडो उमेदवारांसारखाच दिसतो. दुसऱ्यात तो एकटा उभा आहे.

आजच्या विद्यार्थ्याजवळ 120 सिद्धान्त नसतात, पण दाखला देण्याजोगे काम असते. समजा, यवतमाळ जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने एम.एस्सी.साठी विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइड मोजले. ती लिहिते: ‘पाणी परीक्षणाचे उत्तम ज्ञान, मेहनती, संघभावना’. हे कोणीही लिहू शकतो. तिने असे लिहावे: ‘30 विहिरींचे नमुने पावसाळ्यापूर्वी व नंतर घेतले, आयन-निवडक इलेक्ट्रोडने प्रत्येक नमुना तीनदा मोजला, प्रमाणद्रावणे स्वतः तयार केली, 7 विहिरींत लिटरला 1.5 मिलीग्रॅमहून अधिक फ्लोराइड आढळले. नमुने सहाध्यायिनीसह गोळा केले, विश्लेषण माझे.’ 1.5 ही भारतीय मानकाची कमाल मर्यादा आहे हे ठाऊक असलेला परीक्षक येथे थांबतो. तीनही वाचने जुळली नाहीत तेव्हा काय केले, असे विचारतो. आणि खरी मुलाखत सुरू होते. उलट, एचपीएलसीसारखे विश्लेषणयंत्र केवळ प्रात्यक्षिकात दुरून पाहिले असेल, तर ‘पाहिले आहे’ एवढेच लिहावे.

संस्थाही आता याच दिशेने वळत आहेत. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने 2013 पासून अर्जदाराच्या परिचयातील ‘प्रकाशने’ हा मथळा बदलून ‘निर्मिती’ असा व्यापक केला, म्हणजे माहितीसंच आणि संगणकप्रणालीही त्यात मोजल्या जाऊ लागल्या. वाडियांना निवडणाऱ्या त्याच रॉयल सोसायटीने 2019 मध्ये संशोधकांसाठी नवा नमुना काढला, ज्यात निबंधांच्या यादीऐवजी ज्ञानात काय भर घातली, इतरांना कसे घडविले, याविषयीची निवेदने मागितली आहेत. तेव्हा अर्ज लिहावयास बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच की, दुसऱ्याच्या बायोडेटाचा नमुना समोर ठेवण्याऐवजी शिक्षकांच्या सह्या असलेले आपले जर्नल आणि प्रकल्पाची कच्ची वही समोर ठेवा, आणि ज्या प्रयोगाविषयी फळ्यापुढे उभे राहून अर्धा तास बोलता येईल, तो आधी लिहा.