डॉक्टर, अंडरटेकर आणि मास्तर

परवा रविवारी पुतण्या आला होता, समीर. भोसरीला त्याचा छोटासा कारखाना आहे, तीसेक माणसे. आल्या आल्या डायनिंग टेबलावरचा पसारा बाजूला सरकवून त्याने लॅपटॉप उघडला. "काका, अर्धा तास बसतो हं, फोनचे नंबर लावायचेत," म्हणाला. मला वाटले, कुणाला तरी फोन लावायचाय. तसे नव्हते. कारखान्यातली जुनी फोनची पेटी काढून तो इंटरनेटवर चालणारी नवी यंत्रणा बसवत होता. कुठल्या टेबलावरच्या फोनला कुठला नंबर, बाहेरून आलेला फोन आधी कुठे वाजणार, तिथे कुणी उचलला नाही तर पुढे कुठे जाणार, हे सगळे त्याचे त्यालाच लिहून द्यायचे होते.

निवृत्त मास्तरला दुसऱ्याच्या वहीत डोकावल्याशिवाय राहवत नाही. चहाचा कप घेऊन शेजारी जाऊन बसलो. यादी अशी होती: १०० स्वतः समीर, १०१ हिशेब, १०२ खरेदी... असे करत करत ११२ गोदाम. बाहेर फोन लावायचा असेल तर आधी शून्य दाबायचे.

मी म्हटले, "अरे, १०१ म्हणजे आगीचा बंब ना?"

तो हसला. "काका, तो बाहेरचा नंबर. त्याला आधी शून्य लावायचं."

"आणि ११२?"

आता मात्र तो हसला नाही. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी एकच ११२ हा नंबर २०१८ साली हिमाचल प्रदेशापासून सुरू होऊन आता आपल्याकडेही आहे. समजा, वर्कशॉपमध्ये कुणाचा हात मशीनमध्ये गेला आणि शेजारच्या घाबरलेल्या पोराने भिंतीवरच्या फोनवरून ११२ लावला, तर घंटी वाजणार गोदामात! रात्रपाळी असेल तर गोदामाला कुलूप. वाजत बसेल बिचारी.

समीरने यादी पुसली आणि पुन्हा करायला घेतली. तो गेला, पण माझ्या डोक्यातून विषय जाईना. फोनला नंबर असतो हे आपण इतके गृहीत धरतो, पण हे नंबर आले कुठून? आठवडाभर वाचत बसलो. तेच आज लिहितोय.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले १८७६ मध्ये. जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले, एकवीस ग्राहकांचे. त्या काळी नंबर नव्हतेच. फोन उचलायचा आणि सांगायचे, अमक्याला द्या. बोर्डावर बसलेल्याला सगळी नावे आणि कोणाची तार कुठल्या भोकात, हे पाठ असे. सुरुवातीला या कामावर तरुण पोरे होती. ती ग्राहकांशी उद्धटपणे बोलत आणि मस्ती करत, म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट या बाईंना नेमले. त्या जगातल्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे काम बायकांचेच राहिले.

नंबर आले ते एका डॉक्टरमुळे. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल गावात १८७९ मध्ये गोवराची साथ आली. तिथल्या डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना काळजी पडली की एक्स्चेंजमधल्या चारही ऑपरेटर एकदम आजारी पडल्या तर काय? त्यांच्या जागी नवे माणूस बसवले तर शेकडो नावे त्याला कशी पाठ होणार? त्यांनी सुचवले, ग्राहकांना क्रमांक द्या. आजवर ज्याला बोर्ड ठाऊक नाही असा माणूसही मग काम निभावून नेईल. नाव जाऊन नंबर आला, तो असा आजारपणाच्या भीतीने. शाळेत हजेरीपटावर मुलांना नंबर देताना मला नेहमी थोडे वाईट वाटायचे, पण बदली शिक्षक तासावर आला की त्याच नंबरांवर वर्ग चालायचा, हेही खरे.

दुसरी भीती होती एका अंडरटेकरची, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था लावून देण्याचा धंदा करणाऱ्याची. आल्मन स्ट्राउजर त्याचे नाव, गाव कॅन्सस सिटी. त्याआधी काही काळ त्याने शाळामास्तरकीही केली होती असे मानतात, म्हणजे आमचाच भाऊबंद! त्याची कथा अशी सांगतात, की गावात त्याच्याच धंद्यातला एक प्रतिस्पर्धी होता आणि त्याची बायको टेलिफोन ऑपरेटर होती. कुणी स्ट्राउजरचा फोन मागितला की ती आपल्या नवऱ्याला जोडून द्यायची. कथेत तिखटमीठ किती आणि खरे किती कोण जाणे, पण ऑपरेटर आपले फोन चुकीच्या ठिकाणी जोडतात असा त्याला संशय होता एवढे नक्की. या संशयातून त्याने असे यंत्र काढले की मध्ये माणूसच नको. १० मार्च १८९१ रोजी त्याला पेटंट मिळाले आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले, साधारण पंचाहत्तर ग्राहकांचे.

त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. वर्गात दहा रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत दहा बाक आहेत असे समजा. ४७ नंबरच्या मुलाला हाक मारायची तर आधी चौथी रांग धरायची, मग तिच्यातला सातवा बाक. यंत्रातला दांडा पहिल्या आकड्याला तितक्या पायऱ्या वर चढतो आणि दुसऱ्या आकड्याला तितकीच घरे आडवा फिरतो. दोन आकड्यांत शंभर फोन. यंत्रांच्या ओळी एकीमागे एक लावल्या की हजार, दहा हजार. म्हणजे टेलिफोनचा नंबर हे नाव नाही, ती वाट आहे! प्रत्येक आकडा म्हणजे एकेक वळण. गंमत म्हणजे सुरुवातीला तबकडीही नव्हती, बटण तितक्या वेळा दाबावे लागे. फिरवायची तबकडी १८९६ च्या सुमारास आली. त्याच वर्षी स्ट्राउजरने आपली पेटंटे १८०० डॉलरला विकून टाकली. १९१६ मध्ये तीच पेटंटे बेल कंपनीने २५ लाख डॉलरला घेतली. मास्तर लोकांना व्यवहार कळत नाही म्हणतात ते काही अगदीच खोटे नाही.

कचेऱ्यांमधल्या फोनवर बाहेरच्यासाठी एखादा आकडा आधी दाबावा लागतो, तोही याच रचनेतून आला. दहा रांगांपैकी एक रांग बाहेरच्या तारांसाठी राखून ठेवायची. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ९, आपल्याकडे बऱ्याच कचेऱ्यांत ०. एकदा रांग राखून ठेवली की त्या आकड्याने सुरू होणारा आतला नंबर देता येत नाही, नाहीतर यंत्राला कळणार कसे, आत वळायचे की बाहेर? समीरच्या नव्या यंत्रणेत दांडा नाही आणि रांगाही नाहीत, नुसत्या लिहिलेल्या ओळी आहेत. पण नियम तोच. एकाला १० आणि दुसऱ्याला १०१ असे नंबर दिले, तर १० दाबल्यावर यंत्र घुटमळते. अजून एक आकडा येतोय की काय, याची वाट बघते. म्हणून आतले सगळे नंबर सारख्या लांबीचे ठेवायचे. सव्वाशे वर्षांत दांड्याच्या ओळी झाल्या, पण फाटे फोडायची रीत बदलली नाही.

तिसरा खराखुरा मास्तर, आणि गणिताचा. डेन्मार्कचे आग्नेर एर्लांग. वडील मास्तर, स्वतःही काही वर्षे शाळेत शिकवत होते. १९०८ मध्ये ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागले. प्रश्न साधा होता: अमुक इतके लोक असतील तर बाहेरच्या तारा किती घ्याव्यात? १९०९ आणि १९१७ मध्ये त्यांनी याचे गणित मांडले. पुढे १९४६ मध्ये फोनवरची गर्दी मोजायच्या एककाला 'एर्लांग' हेच नाव दिले. ते बघायला १९२९ साली वारलेले एर्लांग नव्हते.

समीरच्याच कारखान्याचे उदाहरण घेतो. तीस माणसे. गर्दीच्या तासात प्रत्येकजण सरासरी सहा मिनिटे बाहेरच्या फोनवर. एकूण १८० मिनिटे, म्हणजे तीन तास. आमच्यासारखा साधा माणूस म्हणेल, एका तासात तीन तासांचे बोलणे, तर तीन लाइनी पुरे. एर्लांग म्हणतात, तीन लाइनी घ्याल तर दर तीन फोनांतला एक लागणारच नाही! कारण फोन रांगेने शिस्तीत येत नाहीत, घोळक्याने येतात. चार घेतल्या तरी पाचातला एक परत जातो. शंभरात एकापेक्षा कमी फोन परत जावेत असे वाटत असेल तर आठ लाइनी लागतात. मी वहीवर दोनदा करून पाहिले, आठच येतात. समीरने घेतल्या होत्या चार! आणि माणसे दुप्पट झाली तर मात्र लाइनी दुप्पट लागत नाहीत, तेरा पुरतात. मोठ्या घोळक्यात एकाची गर्दी दुसऱ्याच्या उसंतीत भरून निघते.

एवढे सगळे वाचल्यावर मला सारखी आमची शालूताई आठवू लागली. माझी आतेबहीण. साठ-सत्तरच्या दशकात मुंबईला फोर्टमधल्या एका पेढीत ती फोनच्या बोर्डावर होती. मी सुट्टीत गेलो की एकदा तरी तिच्या हापिसात जायचोच. समोर भोकांचा फळा, हाताशी दोऱ्या, डोक्याला कानपट्टा. कुणी फोन उचलला की बोर्डावर एक छोटी झडप पडायची, की ताई दोरीचे टोक खुपसून विचारणार, "कोण हवंय?" कोण जेवायला गेलाय, कोण साहेबांच्या खोलीत आहे, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, सगळे तिला ठाऊक. ट्रंक कॉल बुक करून माणसे तासन्‌तास ताटकळत त्या काळातली ही गोष्ट. एकदा एका कारकुनाच्या गावाहून फोन आला. पलीकडचे माणूस नुसते रडत होते, नाव सांगेना, गाव सांगेना. ताईने आवाजावरून ओळखले की ही त्याची आई, आणि त्याला मीटिंगमधून उठवून आणले. नंतर साहेबांची बोलणीही खाल्ली. पुढे पेढीत स्वयंचलित बोर्ड आला आणि ताईला जावक टपालावर बसवले. स्ट्राउजरला ज्या बाईची भीती वाटली ती एक. पण दुसऱ्या टोकाला शालूताईही होती. यंत्राने दोघींनाही उठवले.

आता यंत्रावर ठपका ठेवून मोकळे व्हावे तर तसेही नाही. अमेरिकेतली एक घटना वाचली आणि झोप उडाली. डिसेंबर २०१३, टेक्सासमधले मार्शल गाव, एक मोटेल. खोलीत एका बाईवर जीवघेणा हल्ला झाला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने खोलीतल्या फोनवरून ९११ लावला. एकदा नाही, चार वेळा. लागला नाही. तिथे बाहेरच्या फोनसाठी आधी ९ दाबायला हवा होता. पोरीला शिकवले होते तसे तिने अगदी बरोबर केले होते. आई गेली. पुढे तिच्या नावाने 'केरीज लॉ' हा कायदा १६ फेब्रुवारी २०१८ रोजी झाला. त्यानंतर दोन वर्षांनी तो लागू झाला. कचेरी असो की हॉटेल, नव्या यंत्रणेत ९११ आधी काहीही न दाबता लागलाच पाहिजे, आणि असा फोन गेला की ठरवलेल्या कुणाला तरी कळलेही पाहिजे.

बोर्डावर शालूताई असती तर तिने त्या पोरीला "आधी नऊ दाब" असे सांगितले असते का हो? आवाज ऐकूनच तिने लाइन जोडली असती. यंत्र ऐकत नाही, ते लिहिलेले वाचते. आणि ते लिहिणारा माणूस आपल्याच टेबलावर बसून, चहा पीत पीत, शंभरापासून सुरू करावे की दोनशेपासून हे ठरवत असतो. स्ट्राउजरने मधला माणूस काढला असे आपण म्हणतो. खरे तर तो गेला नाही, फक्त आधी येऊन निघून गेला. फोन वाजतो तेव्हा तो तिथे नसतो, म्हणून त्याला सगळा विचार आधीच करून ठेवावा लागतो, आणि तोही सगळ्यात वाईट वेळेचा.

समीरला मी हे सगळे फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले (मास्तरचा पुतण्या, सांगतो कुणाला!). आता त्याच्याकडे एकने सुरू होणारा आतला एकही नंबर नाही. ऑफिस दोनशे, वर्कशॉप तीनशे, गोदाम चारशे. १००, १०१, १०८ आणि ११२ शून्य न लावता थेट बाहेर जातात, आणि चुकून शून्य लावला तरीही जातात. असा फोन गेला की गेटवरच्या वॉचमनच्या फोनवरही घंटी वाजते, म्हणजे रुग्णवाहिका आली तर फाटक उघडायला कुणीतरी जागे असेल. लाइनी आठ घेतल्या. बाहेरून आलेला फोन ऑफिसात वीस सेकंद कुणी उचलला नाही तर वर्कशॉपला, तिथेही नाही तर वॉचमनकडे.

"काका, शेवटी सगळं वॉचमनकडेच जातं की!" तो म्हणाला.

जाऊ दे. शेवटी कुणीतरी माणूसच असलेला बरा.

असो. बरेच लांबले. तुमच्यापैकी कुणाची आई, मावशी, आत्या फोनच्या बोर्डावर असेल तर जरूर लिहा. आणि उद्या हापिसात गेलात की तिथल्या फोनवरून ११२ कसा लागतो, हे ज्याने ती यंत्रणा बसवली त्याला एकदा विचारून घ्या. नुसते विचारा हं, उगाच लावून बघू नका!