कारवानीची झूल

जानेवारीत पहाटे साडेपाचला मी माझ्या चंद्री या कुत्रीला घेऊन जुहूच्या किनाऱ्यावर उतरते. मतलई वारा सुटलेला असतो, जमिनीकडून दर्याकडे. भरतीच्या रेषेवर, कोरड्या वाळूत खळगे उकरून किनाऱ्यावरची कुत्री नाकावर शेपूट ओढून निजलेली असतात. चंद्रीला ते जमत नाही. ओल्या वाळूवर ती एकेक पाय उचलत उभी राहते आणि तिच्या मांड्या थरथरू लागतात. म्हणून तिच्या अंगावर जाड कापडाची झूल असते. "शिकारी जात ना ही? मग मुंबईत हिला कसली थंडी?" फिरायला येणारे विचारतात. सांताक्रूझच्या वेधशाळेनं जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंश तापमान नोंदवलं होतं. तसली थंडी इथे रोजची नाही, हे खरं. पण चंद्री कारवानी आहे आणि शिकारी कुत्रं काटक असतं, त्याला काही होत नाही, हा समज किती महागात पडतो ते मी जतला आमच्या अंगणात पाहिलं आहे.

जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक, डफळ्यांचं जुनं संस्थान, पलीकडे विजापूर. पावसाळ्यात पाऊस नाही, पण मार्गशीर्ष-पौषात माळावरचा वारा हाडांत शिरतो. आमच्या आज्जाकडे चार-पाच कारवानी कायम असायचे. इराण-अफगाणिस्तानाकडून तांड्यांबरोबर आलेल्या कुत्र्यांचा हा वंश, म्हणून कारवानी. अरबांचा सलुकी त्याचा भाऊबंद. कानाला आणि शेपटीला झालर असली तर त्याला पश्मी म्हणायचं. पश्म म्हणजे फारसीत लोकर, पश्मिन्यातला तोच शब्द. पण साध्या कारवानीच्या अंगावर नुसती आखूड लव. तिच्याखाली हिमालयातल्या भोटिया कुत्र्यासारखा दाट केसांचा दुसरा थर नाही. कातडी पातळ, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, चरबी जवळजवळ नाहीच. ज्या बांध्यामुळे तो सशाला गाठतो, त्याच बांध्यामुळे ऊब त्याच्या अंगात टिकत नाही.

हे आज्जाला कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. दिवाळी सरली की तो कुत्र्यांची जागा बदलायचा. अंगणातून उचलून गोठ्याच्या दक्षिणेच्या भिंतीला, जिथे उत्तरेचा वारा लागत नाही. खाली फळी, फळीवर कडबा, कडब्यावर गोणपाट. गोणपाट रोज उन्हात पडायचं. ते ओलं राहिलं तर आज्जा घर डोक्यावर घ्यायचा. बेंदराला बैलांवर घालून जुन्या झालेल्या झुली आज्जी कापायची, पोटाखाली बंद लावायची आणि त्या कुत्र्यांना व्हायच्या. सर्वांत म्हाताऱ्या कुत्रीला घोंगडी. दख्खनी मेंढीची ती खरबरीत लोकर दवानं जरा ओलावली तरी ऊब सोडत नाही, हे धनगरांना जसं ठाऊक, तसं आज्जालाही.

खाण्यातही बदल व्हायचा. एरवी ज्वारीची भाकरी आणि ताक. थंडीत बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, वर चमचाभर करडईचं तेल, कधी अंडं. अंगातली ऊब अन्नातूनच येते, तेव्हा थंडीत घास वाढवायचा, इतका साधा तो हिशोब होता. कांदा-लसणाचं कालवण मात्र कुत्र्याच्या ताटलीत कधी नाही. कांद्यानं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, हे मला फार पुढे कळलं. आज्जी फक्त "सोसत नाही त्याला" म्हणायची.

शिकार पहाटेची. पिकं निघालेल्या रानात ससा उठला की मिनिट-दोन मिनिटांत काय तो निकाल. आज्जा म्हणायचा, धावताना कुत्र्याला थंडी लागत नाही, थांबल्यावर लागते. दवानं पोट आणि पाय भिजलेले, तोंड उघडं, धाप लागलेली आणि वर वारा. म्हणून तो कुत्र्याला लगेच बसू द्यायचा नाही. चालवत आणायचा, कोरड्या धडप्यानं पोट, काखा आणि बोटांमधली जागा पुसायचा, मग झूल बांधायचा. कानांच्या कडा आणि शेपटीचं टोक चिमटीत धरून बघायचा, कारण गारठा आधी तिथे बसतो.

एवढं जाणणारा माणूस एका रात्री चुकला. मी सात-आठ वर्षांची असेन. पौषात एक कुत्री व्याली, सहा पिल्लं. रात्री वाऱ्यानं छपराचा तट्टा उडाला आणि पहाटे बघतो तो चार पिल्लं गार, मलूल पडलेली. आज्जानं घाईनं दूध कोमट केलं आणि कापसाच्या बोळ्यानं पाजलं. दुपारपर्यंत चारही गेली. आज्जा दोन दिवस जेवला नाही. दूध कमी पडलं, असंच तो मरेपर्यंत मानत राहिला. पुढे मुंबईत आल्यावर परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयात मी एका डॉक्टरांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, दूध कमी पडलं नाही, लवकर पडलं. नवजात पिल्लाला पहिले काही दिवस कुडकुडून ऊब आणता येत नाही आणि अंग गार असताना त्याचं पोट दूध पचवत नाही. आधी पिल्लू हळूहळू गरम करायचं, माणसाच्या अंगाशी धरून किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीनं, आणि मगच पाजायचं. हे एक वाक्य तेव्हा आमच्या अंगणात कुणाला ठाऊक असतं तर!

इतिहासात या कुत्र्याचं नाव राजांमुळे राहिलं. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींना खंड्या नावाच्या कुत्र्यानं वाघापासून वाचवलं असं सांगतात. संगम माहुलीला त्याची समाधी आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडरांकडचे चपळ शिकारी कुत्रे पाहून त्यांची पैदास हाती घेतली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. कारवानीला मुधोळ हाउंड हे नाव तेव्हापासून पडलं, असं मानतात. २००५ साली डाकखात्यानं तिकीट काढलं ते याच नावानं. पण साताऱ्याच्या थंडीत खंड्याखाली काय अंथरलं जाई, हे कुठल्या बखरीत माझ्या वाचनात आलेलं नाही. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्या जोडीला कुणी झूल शिवली असेल का, हा प्रश्न मला लहानपणापासून छळतो. उडी आणि धाव यांची नोंद झाली. गोणपाट वाळवणाऱ्या, झूल शिवणाऱ्या बायांची झाली नाही, आणि मला हे अन्यायाचं वाटतं.

१९७२ साली दोन गोष्टी झाल्या. वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि परवान्याशिवाय सशाची शिकार गुन्हा ठरली. ते योग्यच झालं, आता ससा मारण्याची हौस कुणी धरू नये. आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. माणसांनाच मिलो ज्वारी खावी लागत होती, कुत्र्यांना बाजरी कुठून? आज्जानं ओळखीच्या धनगरांकडे कुत्री पोचवली. त्यांच्याबरोबर झुलीही दिल्या, हे मला नीट आठवतं. तिथेच आमच्या घरातली ती जपणूक थांबली.

आता कारवानी पुन्हा दूर जाऊ लागला आहे. २०१६ साली मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातून पिल्लं मीरतला, सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरकडे गेली. सैन्यात त्यांना सांभाळायला माणसं आणि डॉक्टर असतात. मला काळजी आहे ती दिल्ली-पुण्याच्या गच्च्यांवर आणि गावोगावच्या शेतघरांवर साखळीला बांधलेल्या कुत्र्यांची. देशी जात, राखणीला उत्तम, खर्च कमी, असं ऐकून माणसं पिल्लू नेतात आणि डिसेंबरात ते सिमेंटच्या फरशीवर बांधून ठेवतात. फरशी अंगातली ऊब रात्रभर शोषते. कुत्रं कुडकुडतं तोवर त्याचं शरीर झुंजत असतं. कुडकुडणं थांबून ते सुस्त पडलं, हिरड्या फिक्या झाल्या, तर ते बरं झालेलं नसतं, मरणाच्या वाटेवर असतं. अशा वेळी त्याला गरम पाण्यात घालू नका, शेकोटीपाशी नेऊ नका. कोरडं करा, घोंगडीत गुंडाळा, छातीपोटाशी कोमट बाटली ठेवा आणि डॉक्टर गाठा.

तुमच्याकडे कारवानी, पश्मी किंवा कुठलंही आखूड लवेचं कुत्रं असेल, तर या दिवाळीनंतर एक फळी, दोन कोरडी गोणपाटं आणि पोटाखाली बंद असलेली एक झूल तयार ठेवा. गोणपाट रोज उन्हात घाला.