लाखेची झिलई : कातीव लाकडाच्या रंगाचा इतिहास

'कातीव' हे विशेषण आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात सहज वापरतो. एखाद्या कवीची ओळ कातीव असते, एखाद्या मूर्तीचा बांधा कातीव असतो. कातणे म्हणजे केवळ सूत काढणे नव्हे. चरकावर लाकूड फिरवत ठेवून, त्याला हत्यार लावून गोलाई आणणे हाही त्या क्रियापदाचा अर्थ आहे आणि हे काम करणारा तो कातारी, हे मात्र विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावे लागते. विशेषण उरले, त्यामागचे लाकूड नजरेआड झाले. त्या लाकडावरचा रंग राखणारा पातळ, चकचकीत थर तर विशेषणापुरताही उरला नाही. झिलई हा शब्द आपण समीक्षेत वापरतो तोही बहुधा नावे ठेवण्यासाठीच: शैलीला नुसती झिलई आहे, आत काही नाही! झिलई ही वरवरची, म्हणून दुय्यम, असे आपण गृहीत धरले आहे. आमचाही समज तसाच होता. तो एका खुळखुळ्याने मोडला.

मुळशी तालुक्यातील लवळे येथे आमच्यापैकी एकाचे बिऱ्हाड आहे. टेकडीवर विद्यापीठांची संकुले, खाली जुने गाव, असे ते ठिकाण. तेथे बारशाची तयारी चालू असताना आजीने ट्रंकेतून लाकडी खुळखुळा काढला. तिचे माहेर सावंतवाडीचे. खुळखुळा तेथल्या चितारआळीतला. लाल, हिरवे, पिवळे पट्टे शाबूत होते, फक्त चमक मावळली होती. ती परत आणावी म्हणून आम्ही बाजारातून चपडा आणला, स्पिरिटमध्ये विरघळवला आणि फडक्याच्या बोळ्याने खुळखुळ्यावर फिरवला. दुसऱ्या हातालाच लाल पट्टा पिवळ्यात उतरला, हिरवा लालात मिसळला, आणि पट्ट्यांच्या जागी मातकट चिखल झाला. आजी म्हणाली, "अरे, पुसायचं होतं नुसतं." रंगाचे रक्षण करायला गेलो आणि रंगच घालवून बसलो. असे का झाले, हे शोधताना हाती लागला तो इतिहास येथे मांडत आहोत.

लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या इवल्या किड्याचा स्राव. फांदीवरून खरवडलेली ती काडीलाख. धुऊन दाणेदार केलेली ती दाणेलाख. वितळवून, पातळ पत्र्यासारखी ताणून फोडलेली तो चपडा. एकाच किड्यापासून दोन वस्तू मिळतात. धुतलेल्या पाण्यात उतरतो तो लाल रंग, म्हणजे संस्कृत काव्यातील नायिकांच्या पावलांवरचा लाक्षारस. मागे उरते ती राळ, म्हणजे रंगाला झाकूनही दाखवणारा थर. साहित्याने लाक्षारस लक्षात ठेवला आणि राळ लक्षात ठेवली ती लाक्षागृहाच्या रूपाने, म्हणजे जळण्यासाठी! व्यापाराने मात्र उलटा न्याय केला. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत लाखेच्या रंगाची मागणी ओसरली. राळेची वाढत गेली. बालगंधर्वांचा आवाज ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर उमटला, त्यांच्या मिश्रणात हाच चपडा होता.

सावंतवाडीच्या जुन्या कातकामात या राळेचा उपयोग कसा होई, ते पाहण्याजोगे आहे. रंग लाकडावर आधी लावून वर संरक्षक थर द्यायचा, अशी दोन कामे तेथे नसत. वितळलेल्या लाखेत रंगद्रव्य कालवून तिच्या कांड्या करीत. वस्तू कातून गुळगुळीत झाली की चरकावरून न उतरवता, फिरत्या लाकडावरच कांडी दाबून धरीत. घर्षणाने उष्णता निर्माण होई, लाख मऊ होऊन लाकडावर पसरे आणि थंड होताच घट्ट बसे. नंतर केवड्याचे पान फिरत्या वस्तूवर दाबले की थर सारखा होऊन लखलखू लागे. कोकणच्या किनाऱ्यावर केवडा मुबलक. झिलईचे हत्यार कुंपणालाच उगवलेले.

या पद्धतीतली मेख अशी की तिच्यात द्रावक नाही. पाणी नाही, तेल नाही, स्पिरिट नाही. रंगाला वाहून नेणारे काहीच नसल्यामुळे लालाशेजारी पिवळा पट्टा बिनदिक्कत बसे, एक दुसऱ्यात उतरत नसे. आम्ही जे केले ते नेमके याच्या विरुद्ध. स्पिरिट लाखेला विरघळवते. जुन्या थराची लाखच सुटली आणि तिच्या पोटातले रंग मोकळे झाले.

त्याच गावात हा प्रश्न दुसऱ्या रीतीनेही सोडवला गेला होता. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, हे त्याचे उदाहरण. तिसऱ्या खेम सावंतांच्या काळात (१७५५ ते १८०३) दरबारी आलेल्या तेलंगणातील विद्वानांबरोबर हा खेळ येथे आला, असे परंपरा सांगते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, असे एकशे वीस पत्ते. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेल्या चकतीवर चितारी चित्र काढीत आणि वर लाखेचा थर देत. येथे रंग आणि झिलई वेगळी खरी. पण चित्राचे रंग पाण्यात कालवलेले आणि लाख पाण्याला न जुमानणारी. दोघांची भाषाच वेगळी असल्यामुळे वरचा थर खालच्या चित्राला ढवळत नसे. कातारी रंगाला झिलईच्या पोटात घेतो, चितारी दोहोंना परस्परांपासून अलिप्त ठेवतो, उद्देश एकच.

विसाव्या शतकाच्या मध्यास ही गंजिफा जवळजवळ संपली होती. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कलावंत पुंडलिक चितारी यांच्याकडून ती विद्या शिकून घेतली आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांना बसवून काम पुन्हा सुरू केले. मुंबईचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांचा गंजिफांवरील ग्रंथ १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने प्रसिद्ध केला. ज्यांनी नवचित्रकारांची पाठराखण केली, त्यांनीच हे पत्तेही जमवावेत, हा योगायोग नव्हे असे आम्हांस वाटते.

लाकडी वस्तूंचे काय झाले? लाखेच्या कांडीची जागा बऱ्याच अंशी तयार तैलरंगांनी आणि फवाऱ्याच्या रंगांनी घेतली. फर्निचरच्या जगात नायट्रोसेल्युलोज, मेलामाइन, पॉलियुरेथेन असे पारदर्शक थर आले. ते कठीण असतात आणि पाण्याला, उष्णतेला लाखेपेक्षा चांगले तोंड देतात. लाखेवर गरम भांडे ठेवले तर ती मऊ पडते, ओल लागली तर पांढुरकी होते. म्हणून नव्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. जुने सगळे निर्धोक होते, असेही नाही. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग, हरताळ म्हणजे आर्सेनिकचे. आपल्या जुन्या रंगपेटीत दोन्ही होती. लाख स्वतः निरुपद्रवी, औषधाच्या गोळ्यांवरही तिचा लेप देतात. पण तिच्यात काय कालवले आहे, हे वरून कळत नाही. लाखेचा थर रंगाला मुलाच्या लाळेपासून वाचवी, तसाच मुलालाही रंगापासून वाचवी.

फरक आहे तो दुरुस्तीच्या बाबतीत. पॉलियुरेथेनचा थर एकदा पक्का झाला की पुन्हा विरघळत नाही; चरा गेला तर खरवडून काढावा लागतो, आणि खाली रंगवलेले लाकूड असेल तर त्याच्याबरोबर रंगही निघतो. लाख मात्र उष्णतेने पुन्हा मऊ होते. वस्तू चरकावर चढवून केवड्याचे पान धरले की तिचीच झिलई तिला परत मिळते. आमच्या खुळखुळ्याला नव्या थराची गरजच नव्हती.

संहितेचे संपादन करणाऱ्यांनी यातून काही घ्यावे, असे सुचवण्याचा मोह होतो. जुन्या पोथीला आजची लेखनपद्धती चढवताना आपण नेमके कोणते द्रावक वापरतो आहोत, ते मूळ रंग जागचा हलवणार तर नाही, हा प्रश्न आमच्या हातात चपड्याचा बोळा असताना आम्हांस सुचला नव्हता. तो पोथीसमोर तरी सुचावा.

खुळखुळा बाळाच्या हाती दिला नाही. त्यात कोणते रंग होते हे ठाऊक नव्हते आणि आता तर ते उघडे पडले होते. तो आजीने पुन्हा ट्रंकेत ठेवला. दांड्याच्या टोकाला, जिथवर आमचा बोळा पोचला नव्हता, तिथे बोटभर लाल पट्टा अजून तसाच आहे. आजीने तो पदराने पुसला आणि तो चमकला.