उस्ताद, किन्नर आणि उमेदवारी

गेल्या ऊस हंगामात कडेपूरच्या फाट्यावर आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी मराठी विषय आणि कॉलेज दोन्ही सोडून तो ट्रकवर गेला होता. त्याला आता अठरा वर्षे झाली. त्याच्या मागे विशी-बाविशीचा एक मुलगा संकोचून उभा होता. मालकाने नवी गाडी घेतली होती, ती या मुलाच्या हाती द्यायची होती, आणि तोवर चार खेपा त्याला बरोबर नेऊन ‘तयार कर’ असा निरोप होता. या कामाचे काही जास्तीचे मिळते का, असे आम्ही सहज विचारले. तो हसला आणि म्हणाला, “सर, तुमाला आमास्नी शिकवायचा पगार मिळत हुता न्हवं?”

प्रश्न विनोदाने आला होता, तरी घरी येईपर्यंत आम्हां दोघांपैकी कोणालाच त्याचे उत्तर सुचले नाही. शिकवण्याचे मोल कोणी द्यायचे, हा प्रश्न जुना आहे. ट्रकच्या धंद्यात तो विशेष बिकट झाला, याला काही ऐतिहासिक कारणे आहेत. ती शोधण्याचा हा प्रयत्न.

आम्ही भाषेची माणसे, म्हणून शब्दापासून सुरुवात करतो. ‘उमेदवार’ या शब्दाचा आजचा पहिला अर्थ निवडणुकीचा. पण मराठीत तो आधी कचेरीतून आला. उमेद म्हणजे आशा. नोकरी लागेल या आशेवर मामलेदार कचेरीत किंवा कोर्टात बिनपगारी नकला करीत बसणारा तरुण, तो उमेदवार. एकोणिसाव्या शतकातील अनेक मराठी चरित्रांचा आरंभ अशा उमेदवारीने होतो. शब्दाने ही मूळ खूण टाकलेली नाही: ‘अ‍ॅप्रेंटिस’साठी सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ हीच संज्ञा रूढ आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिकणाऱ्याच्या बिनपगारी अवस्थेला आपल्या भाषेने नाव दिले. शिकवणाऱ्याच्या बिनपगारी अवस्थेला नाव नाही. ‘गुरुदक्षिणा’ हा शब्द आहे खरा, परंतु ती शिष्याने स्वेच्छेने द्यायची असते. मालकाने द्यायच्या मोबदल्याचा बोध त्यातून होत नाही.

गावगाड्यात या शब्दाची गरजही नव्हती. सुताराचा मुलगा बापाच्या हाताखाली शिके, आणि बापाचे शिकवणे बलुत्यातच येऊन जाई. इंग्लंडमध्ये शिकाऊ मुलाचा बाप कारागिराला ठरावीक रक्कम मोजून मुलाला त्याच्या घरी ठेवीत असे. तेथेही गुरू आणि धंद्याचा धनी एकच होता. खुद्द कडेगाव, खानापूर आणि आटपाडी या तालुक्यांतला गलाई व्यवसाय पाहा. पावसाने पाठ फिरवलेल्या या पट्ट्यातील माणसे सोने-चांदी गाळण्याचे काम घेऊन देशभरातल्या शहरांत गेली. गावाकडून आणलेला भाचा किंवा पुतण्या भट्टीपाशी राबत शिके आणि पुढे स्वतःचे दुकान थाटून गावाकडच्या दुसऱ्या मुलाला बोलावून घेई. या व्यवहारात पिळवणूक नव्हती असे आम्ही म्हणणार नाही. भट्टीच्या धुराचे हिशेब वेगळेच आहेत. पण शिकवणारा स्वतःच्या दुकानासाठी शिकवीत होता. जवळच कुंडलच्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणला, तेव्हा आसपासच्या खेड्यांतील माणसांना यंत्रावर काम करायला शिकवावे लागले. लक्ष्मणराव त्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. म्हणजे तेथे मालक हाच मास्तर होता.

मोटारीने ही जोडी फोडली. गाडीचा धनी एक आणि ती हाकण्याची विद्या दुसऱ्याच्या हातात, अशी स्थिती निर्माण झाली. ट्रक विकत घेणाऱ्याला ट्रक चालवता येत असेलच असे नाही. ज्याला उत्तम येतो त्याच्याजवळ ट्रक घेण्याइतका पैसा नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वाहतूक दलांचे मोठ्या प्रमाणावर यांत्रिकीकरण झाले आणि खेड्यापाड्यांतून भरती झालेल्या जवानांना सरकारी खर्चाने गाडी शिकवण्यात आली. जुना सातारा जिल्हा तर भरतीचाच प्रदेश. लष्करात शिकवणाराला हुद्दा होता आणि पगार होता. युद्धानंतर खासगी मालवाहतूक वाढली, १९५४ पासून टाटांचे मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने बनलेले ट्रक रस्त्यावर आले. पण शिकवण्याची ती व्यवस्था मात्र धंद्यात आली नाही. तिच्या जागी उस्ताद आणि किन्नर ही जोडी आली.

इंग्रजी ‘क्लीनर’चा आपल्याकडे ‘किन्नर’ झाला. पुराणातल्या देवगायकांशी त्याचा काही संबंध नाही, हे विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगावे लागते. हा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गाडी धुवी, चाकांची हवा पाही, रेडिएटरमध्ये पाणी घाली, माल बांधताना दोर ओढी, रात्री मालाची राखण करी, स्टोव्हवर डाळ शिजवी आणि उस्तादाचे कपडेही धुवी. या सेवेच्या बदल्यात कधी तरी, मोकळ्या रस्त्यावर पहाटे, उस्ताद म्हणे, “बस स्टेरिंगवर.” उस्तादाच्या शिकवणीची किंमत अशी किन्नराच्या घामातून फिटत होती आणि मालकाला तयार ड्रायव्हर फुकट मिळत होता. किन्नर चार-पाच वर्षे शिव्या खात राही. या दुनियेकडे मराठी साहित्याने फारसे पाहिले नाही. निपाणीचे महादेव मोरे हा ठळक अपवाद. त्यांनी स्वतः मोटारी चालवल्या, गॅरेज जवळून पाहिले, पुढे पिठाची गिरणी चालवीत लिहिले. अठरापगड जातींच्या समाजात मोटारधंद्यातल्या माणसांची आणखी एक जात झाली, हे ‘एकोणिसावी जात’ या त्यांच्या एका शीर्षकातच येते. अभ्यासक्रमात मोरे क्वचितच लागतात, ही खंत येथेच नोंदवून पुढे जातो.

उस्ताद काय शिकवीत असे? परवाना मिळवण्यापुरते ज्ञान थोडक्यात आटपते. मोटार स्कूलच्या नियमांत अवजड वाहनासाठी प्रत्यक्ष चालवण्याचे किमान पंधरा तास सांगितले आहेत. पंधरा तासांत गाडी सरळ रस्त्याने नेता येते. पण कडेगावावरून जाणारा गुहागर-विजापूर रस्ता कऱ्हाड, पाटण ओलांडून कुंभार्ली घाटात शिरतो, तेथील विद्या निराळी आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करायची नाही. ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापून निकामी होतो. समोरच्या चढत्या गाडीला आधी वाट द्यायची. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा ब्रेक वेगळा लागतो. उसाची गाडी वरून जड असते, वळणावर कलते. जुन्या गिअरबॉक्सला दोनदा क्लच दाबून, इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकावा लागे. म्हणून कान तयार करणे हा पहिला धडा असे. यातले काहीही फळ्यावर शिकवता येत नाही. शेजारी बसून, योग्य क्षणी “सोड”, “दाब”, “थांब” म्हणणारा माणूस लागतो.

कायद्याने या माणसाकडे कसे पाहिले? १९६१ या एकाच वर्षी आपल्याकडे दोन कायदे झाले. शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने शिकणाऱ्याला विद्यावेतन दिले आणि शिकवण्याची सोय करण्याची, त्यासाठी पात्र माणूस नेमण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मोटार वाहतूक कामगारांच्या कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर ठरवला आणि कामगाराच्या व्याख्येत ड्रायव्हरबरोबर क्लीनरचाही नावानिशी समावेश केला. त्या व्याख्येत ‘वेतन मिळत असो वा नसो’ अशा अर्थाचे शब्द होते. कायदा लिहिणाऱ्यांना बिनपगारी किन्नर ठाऊक होता, याची ही कबुलीच म्हणावी लागेल. मात्र हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एक-दोन ट्रकांचा मालक, आणि आपल्याकडे बहुसंख्य मालक तसेच आहेत, त्याच्या कक्षेबाहेर राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होऊन जुना कायदा त्यांत विलीन झाला. दोन्ही कायद्यांमध्ये जी फट होती ती उस्तादाची: ट्रकच्या केबिनला कोणी कार्यशाळा मानले नाही, म्हणून तेथे शिकवणारा निदेशक ठरला नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत जुना सौदा मोडला. रस्ते रुंद झाले, गाड्या मोठ्या झाल्या, आणि दोन माणसांचा खर्च मालकाला जड वाटू लागला. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी संप केला, त्याच्या मागण्यांत अवजड वाहनांवरची क्लीनरची सक्ती रद्द करावी, ही एक मागणी होती. मुले किन्नर व्हायला तयार नाहीत, याचे आम्हांला वाईट वाटत नाही. पंधरा वर्षांच्या पोराने कोणाचे कपडे धुऊ नयेत. परंतु किन्नर गेला तरी शिकवण्याची गरज गेली नाही. आता परवाना हातात असलेला, पण घाट न पाहिलेला तरुण थेट नोकरीवर येतो आणि जुन्या ड्रायव्हरला सांगितले जाते, “ह्याला जरा बघ.” सेवा नाही आणि मोबदलाही नाही. शिवाय ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात. नवख्याच्या हाती स्टेरिंग दिले की गाडी सावकाश जाते, डिझेल जास्त जळते, कारखान्याच्या काट्यावरचा नंबर मागे पडतो. महिन्याला दोन खेपा कमी झाल्या तर ते नुकसान शिकवणाऱ्याचे. म्हणजे तो फुकट शिकवीत नाही, पदरचे घालून शिकवतो. मोठ्या मालकांपैकी काही जण याचा वेगळा भत्ता देतात, असे आमचा विद्यार्थी म्हणाला. त्याचा मालक त्यांतला नाही.

“नाही म्हणून बघ की,” आम्ही म्हणालो. त्यावर त्याने जे सांगितले ते आमच्या डोक्यात आले नव्हते. न शिकवता पोराला गाडी दिली तर तो पोरगा त्याच रस्त्यावर, त्याच रात्री, यांच्या समोरून किंवा मागून येणार. “त्यो चुकला तर मरणार कोन, सर?” मालकाला हे ठाऊक असते, आणि न दिलेल्या भत्त्याचा सगळा भरवसा या एका गोष्टीवर आहे. ड्रायव्हराचा धर्म, भाऊबंदकी, ‘आपल्यालाही कोणीतरी शिकवलंच की’ ही कृतज्ञता, या साऱ्यांची किंमत वजा करूनच खेपेचा दर ठरलेला असतो.

आमच्या धंद्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर आलेल्या तरुण सहकाऱ्यांना मूल्यमापनाची कागदपत्रे, प्रश्नपत्रिकांचे साचे आणि परीक्षेची कामे शिकवण्याचे काम आमच्यापैकी एकाकडे सहा वर्षे होते. ते कोणत्याही कार्यभारात धरले गेले नाही. पण आमचा पगार पहिल्या तारखेला होत होता, आणि कोणाच्या चुकीने कोणी दरीत जाणार नव्हते. तुलना इथेच थांबते.

मार्चमध्ये पुन्हा त्याची भेट झाली. तो मुलगा आता एकटा गाडी नेतो. बोलत असतानाच त्याचा फोन आला: चिपळूणहून माल भरून निघाला होता, घाटाच्या पायथ्याशी थांबला होता, धुके उतरले होते. आमच्या विद्यार्थ्याने हातातला चहा खाली ठेवला आणि दहा मिनिटे त्याच्याशी बोलत राहिला: पुढे कोणती गाडी आहे, टायर ओले आहेत का, दिवा कोणता लावलास. मग म्हणाला, “न्हाय, आता सोडू नगं. उजाडू दे.” आणि मालकाला फोन लावून, गाडी दोन तास उशिरा येईल, हेही त्यानेच कळवले.