मंगरूळपीर तालुका व जुन्या शिकारी बंदुकांचा दारूगोळा

जुन्या घराण्यांची दप्तरे तपासताना संशोधकाची दृष्टी सनदा, निवाडे व वंशावळी यांवर खिळलेली असते. त्याच घरात खुंटीस टांगलेली शिकारी बंदूक शोभेची वस्तू समजून सोडून दिली जाते. आमच्या मते तीही दप्तरातील कागदाइतकीच बोलकी आहे. मात्र तिची नळी कोणी घडविली एवढेच पाहून भागत नाही. तिच्यात काय भरीत असत, ते कोठून येई व ती बिघडल्यास कोण नीट करी, हेही विचारले पाहिजे. प्रस्तुत लेखी मंगरूळपीर हा वऱ्हाडातील, रेल्वेच्या हमरस्त्यापासून दूर असलेला तालुका डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम तोड्याची बंदूक घेऊ. तिला लागे ती दारू, शिशाची गोळी किंवा छर्रे, आणि पेटती जामगी. दारूचे घटक तीन, सोरा, गंधक व कोळसा. हे सर्व बाजारात मिळणारे पदार्थ होत. यंत्र इतके साधे की लोहार व सुतार मिळून तिची दुरुस्ती करू शकत. जपणूक तेवढी दारूची करावी लागे, कारण सोरा अशुद्ध असल्यास दारू ओल धरते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना वस्तीच्या घरापासून दूर असावा व दारू वेळोवेळी बाहेर काढून तीस ऊन द्यावे, अशी आज्ञा आहे, ती याच अनुभवातून आलेली होय.

पुढे ठासणीच्या बंदुकीस टोपी आली. अलेक्झांडर फॉर्साइथ याने आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा हक्क इ. स. १८०७ मध्ये नोंदविला, आणि त्यातूनच तांब्याची टोपी निघाली. नेम सुधारला, पावसाची भीती कमी झाली. परंतु टोपीतील पाऱ्याचे स्फोटक द्रव्य गावात होण्यासारखे नव्हते. बंदुकीचा मालक परक्या कारखान्याचा बांधील झाला तो येथून. तथापि दारू व शिसे अद्याप त्याच्या हाती होते.

काडतुसाने तेही गेले. इंग्रजी फौजेत १८६६ साली स्नायडर व १८७१ साली मार्टिनी-हेन्री ही मागून भरण्याची बंदूक आली. शिकारी बंदुकांनीही तोच मार्ग धरला. काडतूस म्हणजे दारू, गोळी व टोपी यांची एकच पितळी कुपी. ती ज्या मापाची, त्याच मापाच्या नळीस चालावयाची. बारा बोअर हे माप त्यातल्या त्यात सर्वत्र मिळणारे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या असता त्यांतील एक जीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. परंतु रायफलींची मापे अनेक, आणि प्रत्येक कारखानदाराचे आपले निराळे.

या मापांवर राज्यकारणाचाही हात पडला, हे संग्राहकांनी विसरू नये. मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५० मापाची. सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती त्या बंदुका असल्याने, इ. स. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने या मापाच्या रायफलींची आयात बंद केली. त्यामुळे विलायतेतील कारखानदारांनी .४६५, .४७० व .४७५ अशी नवी मापे काढली. .३०३ हे फौजेचे माप असल्याने तेही सामान्य शिकाऱ्यास मिळेना. पुढे इशापूरच्या कारखान्यात नागरिकांकरिता.३१५ मापाची रायफल होऊ लागली व तिची काडतुसे खडकीच्या कारखान्यात निघू लागली. अशा रायफलीस आजही जीव आहे, तो देशी काडतुसामुळे. उलट विलायती मापांचे पुढे काय झाले? स्वातंत्र्यानंतर आयातीवरील निर्बंध वाढत गेले आणि इ. स. १९६० नंतरच्या दशकात बर्मिंगहॅमच्या कायनॉक कारखान्याने मोठ्या शिकारी काडतुसांचे काम आवरते घेतले. हजारो रुपये मोलाची दुनळी रायफल, नळी निर्दोष असताही, मुकी झाली.

यावरून आमचा सिद्धान्त असा की, शहरापासून दूरच्या तालुक्यात बंदूक जितकी नवी व सुधारलेली, तितके तिचे आयुष्य कमी; आणि जितकी जुनी व साधी, तितके अधिक. कायद्यानेही यास पुष्टी दिली आहे. १८७८ चा हत्यारांचा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. त्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीस परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार संपली व रायफलीचे प्रयोजनच गेले. रोही व रानडुक्कर यांपासून शेत राखणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचे प्रयोजन मात्र राहिले.

दुरुस्तीविषयी दोन शब्द. १९५९ च्या कायद्यान्वये दुरुस्तीसही परवाना लागतो. म्हणून गावच्या लोहाराकडे बंदूक नेण्याचा जुना रिवाज आता बेकायदा होय. जपणुकीत नेहमी होणारी चूक तेलाची. वऱ्हाडात जवस मुबलक. जवसाचे तेल वाळून घट्ट होते. अक्रोडी दस्त्यास ते उत्तम, पण घोड्याच्या कळेत गेल्यास तीच कळ जखडते. दुसरी चूक गंजाविषयीची. बिनधुराच्या दारूने नळी खराब होत नाही अशी समजूत होती. परंतु टोपीतील क्लोरेटाचा क्षार नळीत राहून पावसाळी हवेतील ओल ओढतो व तेलाखालीही गंज धरतो, असे १९२२ साली अमेरिकेतील संशोधनाने सिद्ध झाले. क्षार तेलात विरत नाही, पाण्यात विरतो. म्हणून जुने शिकारी नळी कढत पाण्याने धुऊन, कोरडी करून मग तेल देत, ते शास्त्रशुद्धच होते.

आता संग्राहकांस विनंती. नळीवरील छाप घासून चकचकीत करू नयेत. शंकरपाळ्याच्या आकृतीतील बाराचा आकडा दिसल्यास ती इंग्रजी नळी १८८७ नंतर पारखलेली, एवढे त्यावरून कळते. जुनी बंदूक उडवून पाहू नये. जिवंत काडतुसे घरी ठेवू नयेत. रिकामे डबे व पावत्या मात्र जरूर ठेवाव्यात.

सर्वांत मोलाचा कागद परवान्याचा. त्यावर साल फाटले असले तरी मथळ्यावरून काळ ठरतो. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात, पण नावाने निजामाचे. म्हणून हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स असा मथळा १९०३ पूर्वीचा. मंगरूळ वाशीम जिल्ह्यात दाखविले असल्यास कागद १९०५ पूर्वीचा किंवा १ जुलै १९९८ नंतरचा. अकोला जिल्हा असल्यास मधल्या काळातील. मध्यप्रदेश राज्य असे असल्यास १९५० ते १९५६, मुंबई राज्य असल्यास १९५६ ते १९६०.

परवाना व्यक्तीचा असतो. धारक मरण पावताच वारसास बंदूक पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. त्या दिवशी हत्यार घराबाहेर जाते आणि निरुपयोगी म्हणून कागद रद्दीत जातात. दुरुस्त करूनही जे उडू शकत नाही अशा पुराणवस्तूस कायद्याने सूट आहे. कागदास तर कोणताच परवाना लागत नाही. तरी मंगरूळपीर व आसपासच्या तालुक्यांतील वाचकांनी बंदूक जमा होण्यापूर्वी तिची मापे, छाप व परवान्याची नक्कल उतरून ठेवावी. कोणत्या गावी कोणते माप, कोणत्या साली, कोणत्या कारणासाठी दिले गेले, याची यादी झाल्यास वऱ्हाडच्या रानाचा, शेतीचा व राज्यकारभाराचा शंभर वर्षांचा इतिहास तिच्यातून उलगडेल. ते काम या पिढीनेच केले पाहिजे; पुढील पिढीस बंदूकही दिसणार नाही व कागदही.